काळोखाच्या गावी

उरणच्या माणसाला समुद्राची ओळख करून द्यावी लागत नाही. पूर्वी आकाशाचीही करून द्यावी लागत नसे. करंजा, मोरा, घारापुरी येथील कोळी रात्रीच्या वेळी होडी घेऊन निघत, तेव्हा पाण्यावर वाट आखलेली नसे. वाट असे ती डोक्यावर. उत्तरेस ध्रुव, त्याच्याभोवती फिरणारी म्हातारीची बाज आणि ती पळवून नेणारे तीन चोर, म्हणजे पुस्तकात ज्यांना सप्तर्षी म्हणतात तेच हे सात तारे, उन्हाळ्याच्या अखेरीस नांगी उगारून आग्नेयेकडून वर चढणारा वृश्चिक, आणि कधी पहाटे, तर कधी तिन्हीसांजेला लखलखणारी शुक्राची चांदणी. ही मंडळी कोळ्याच्या मुलाला कोणी फळ्यावर काढून शिकवीत नसे. बापाशेजारी सुकाणूजवळ बसून झोपेशी झगडताना ती आपोआप ओळखीची होत.

१९८९ साली न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. रात्रंदिवस जहाजे लागू लागली, आणि उंच खांबांवरचे प्रखर दिवे रात्रभर जळू लागले. पाठोपाठ रस्ते आले, मालाची आवारे आली, वसाहती आल्या. खाडीपलीकडे मुंबई तर होतीच. एवढा सगळा उजेड हवेतील धुळीवर आणि बाष्पावर आदळून परत फिरतो व रात्रीच्या आकाशाला एक फिकट तांबूस लेप चढवितो. त्या लेपाखाली ठळक तारे कसेबसे तग धरतात; बाकीचे नाहीसे होतात.

उजेडाला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु याच तालुक्यातील घारापुरीचे बेट घ्या. जगभरचे प्रवासी जेथील लेणी पाहायला येतात, त्या बेटावर समुद्राच्या तळाशी तार टाकून वीज पोहोचली, ती २०१८ च्या फेब्रुवारीत. तोपर्यंत स्वातंत्र्याला सत्तर वर्षे उलटून गेली होती. दिवा म्हणजे काय, हे विचारायचे तर त्या बेटावरील लोकांनाच विचारावे.

करंजातील ज्या घराची ही हकीकत आहे, त्या घरात तर दोन्ही बाजू एकाच पंगतीला जेवत होत्या. घरातील वृद्ध गृहस्थ आयुष्यभर तांडेल होते. होडीवर त्यांचा शब्द अखेरचा असे. वय झाले, गुडघे कुरकुरू लागले, दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू काढून झाले, तरी गावात त्यांना सगळे तांडेलच म्हणत. त्यांचा मुलगा बंदरावर क्रेन चालवीत असे, तीही पुष्कळदा रातपाळीला. ज्या दिव्यांनी बापाचे तारे झाकले, त्याच दिव्यांखाली मुलाच्या हातून अजस्र पेट्या जहाजावरून सुखरूप उतरत. दिवे मंद असते, तर खाली उभ्या असलेल्या माणसाचा जीव गेला असता. ही गोष्ट तांडेलांना ठाऊक होती, म्हणून त्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

तक्रार केली ती सातवीतल्या नातीने. शाळेच्या पुस्तकात आकाशगंगेचे चित्र पाहून तिने एका रात्री आजोबांना अंगणात ओढीत नेले आणि विचारले, "आजोबा, ही आपल्याकडे कुठे दिसते?"

तांडेलांनी काठीने पूर्वेकडून दक्षिणेकडे एक कमान काढली आणि म्हणाले, "इथे होती."

"होती म्हणजे? गेली कुठे?"

या प्रश्नाचे उत्तर काही केल्या त्यांना देता येईना. मुलगी मात्र तेवढ्यावर थांबणारी नव्हती. लडाखमध्ये हानले नावाचे एक गाव आहे, तेथे डोंगरावर मोठी वेधशाळा आहे, आणि त्या गावाने आपला काळोख राखून ठेवला आहे, हे तिने कोठूनसे शोधून काढले. मग रोज जेवताना तोच विषय सुरू झाला.

सवडही सहज मिळाली. पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ असतो. होड्या किनाऱ्याला ओढलेल्या, शाळा उघडायला थोडे दिवस बाकी, आणि त्या वर्षी वैशाखी अमावास्या जूनच्या पहिल्याच आठवड्यात आलेली. तारे पाहायचे तर चंद्र नको, हे सांगायला वेधशाळेतील शास्त्रज्ञ लागत नाही. डॉक्टरांनी तांडेलांचे हृदय, रक्तदाब सारे तपासले आणि परवानगी दिली. मात्र अट घातली, की वर घाईने चढायचे नाही आणि दम लागला तर हट्ट धरायचा नाही. तांडेलांनी मान डोलावली. समुद्रावर हट्ट धरणारा माणूस फार दिवस तांडेल राहत नाही.

मुंबईहून दिल्ली आणि दिल्लीहून लेह असा विमानाचा प्रवास झाला. निघाले तेव्हा उरणवर पावसाचे ढग जमू लागले होते. लेहला उतरले तेव्हा आकाश असे निळे, की त्याकडे टक लावून पाहवेना. मुलीला याचे मोठे नवल वाटले. वास्तविक यामागील कारण भूगोलातच आहे. समुद्रावरून निघालेले पावसाळी वारे हिमालयाला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपले सारे पाणी दक्षिणेच्या उतारावरच सांडून टाकतात. पलीकडे पोहोचतात ते जवळजवळ रिते होऊन. कोकणात वर्षाला सुमारे २००० मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो. लेहला जेमतेम १०० मिलिमीटर. म्हणून लडाख हे वाळवंट आहे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे होरपळणारे ऊन येते. परंतु वाळवंट ठरते ते उन्हाने नव्हे, तर पाण्याच्या तुटवड्याने. लडाखचे वाळवंट थंड आहे, एवढेच.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे ३५०० मीटर उंच. तेथे तीन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागली. शरीर विरळ हवेला हळूहळू सरावते. त्याला घाई चालत नाही. पलंगावर पडून छताकडे पाहण्यात मुलीचा सारा उत्साह जिरून गेला, आणि त्या तीन दिवसांविषयी सांगण्याजोगे दुसरे काही नाही.

नंतर ५३५९ मीटर उंचीची खारदुंग ला ही खिंड ओलांडून ती मंडळी नुब्रा खोऱ्यात उतरली. खिंडीत त्यांची गाडी पाच मिनिटेही थांबली नाही. खोऱ्यातील हुंदर गावाजवळ मात्र सारा दिवस गेला. दोन्ही बाजूंना उघडेबोडके डोंगर, मधून नदीचे पात्र, आणि त्याच्या काठाने वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या. त्यांवरून दोन वशिंडांचे केसाळ उंट संथपणे चालत होते. हे मध्य आशियातले जनावर. एके काळी यारकंदकडून लेहला व्यापाऱ्यांचे तांडे येत, त्यांच्या पाठीवर रेशीम, गालिचे, चहा येई. गेल्या शतकाच्या मध्याला सरहद्द बंद झाली, व्यापार थांबला. उंट मात्र येथेच राहिले.

उंटांवरून फेरी झाली. पण मुलीचे लक्ष वाळूकडे होते. ती ओंजळीने वाळू उपसून पाहत होती. उरणच्या किनाऱ्यावर मूठभर वाळू घेतली, तरी तिच्यात शिंपल्याचा एखादा तुकडा सापडतोच. येथे एकही सापडेना. गाडीवाल्याने ते पाहिले आणि हसून सांगितले, की शिंपले वाळूत नाहीत, डोंगरात आहेत. त्याने थट्टा केली नव्हती. भारताचा भूखंड आशियाला येऊन भिडण्यापूर्वी मधल्या जागी समुद्र होता. त्याला भूशास्त्रज्ञ टेथिस म्हणतात. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो मिटत गेला, त्याचा तळ चुरगळून वर उचलला गेला, आणि लडाखच्या कित्येक खडकांत त्या समुद्रातील जीवांचे अवशेष आजही सापडतात. तांडेलांनी भोवतालच्या डोंगरांकडे बराच वेळ पाहिले. "म्हणजे आपण तळाशी उभे आहोत," ते एवढेच म्हणाले.

हानलेची वाट लेहहून सिंधू नदीच्या काठाने जाते. अडीचशे किलोमीटरांहून अधिक अंतर. वाटेत चुमाथांग येथे नदीकाठी उकळत्या पाण्याचे झरे लागतात. त्यांनी तेथे एक मुक्काम केला. पुढे झाडे संपतात. रुंद पठार, मधूनच रानटी गाढवांचा, म्हणजे क्यांगांचा, एखादा कळप, दूरवर पश्मिना लोकर देणाऱ्या शेळ्या घेऊन फिरणारे चांगपा मेंढपाळ. अखेर एका टेकडीवर सतराव्या शतकातील जुना मठ दिसतो आणि पायथ्याशी गाव. उंची ४३०० मीटरांच्या आसपास. गावामागे एका डोंगरावर पांढरा घुमट चमकतो, तीच भारतीय खगोलीय वेधशाळा.

या परिसरातील सुमारे एक हजार चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेश २०२२ च्या डिसेंबरात 'काळोख्या आकाशाचे राखीव क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. वाघासाठी रान राखतात, पक्ष्यांसाठी पाणथळ राखतात, तसा येथे काळोख राखला आहे. गावातील तरुण-तरुणींना ताऱ्यांचे शिक्षण आणि दुर्बिणी दिल्या आहेत. पाहुण्यांना आकाश दाखविणे हा त्यांचा व्यवसाय झाला आहे. खिडक्यांना जाड पडदे असतात. तांडेलांचा मुलगा घराच्या दारावरील दिवा पाहून थबकला. दिव्यावर पत्र्याची टोपी होती. उजेड उंबरठ्यावर आणि पायरीवर पडत होता, वर मुळीच जात नव्हता. तो खाली वाकून, बाजूला जाऊन, पुन्हा पुन्हा ते पाहू लागला. "दिवा तेवढाच," तो म्हणाला, "पण उजेड सगळा कामाच्या जागी. आमच्या खांबांवरचा निम्मा उजेड कोणाच्या उपयोगी पडतो, कुणास ठाऊक." रातपाळीच्या माणसाच्या तोंडून आलेले हे वाक्य मोलाचे होते.

रात्री नऊ वाजून गेल्यावर मंडळी बाहेर आली. तांडेलांना दोन रजयांत गुंडाळून खुर्चीवर बसविले होते. गावातील एक तरुणी दुर्बीण घेऊन आली. तिने "जुले" असा नमस्कार केला आणि आपल्या दिव्याला तांबडा कागद लावून तो खाली धरला. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तांबड्या उजेडाने ती सवय मोडत नाही.

मुलीने वर पाहिले आणि तिच्या तोंडून शब्द फुटेना. निर्मळ काळोख्या आकाशात एका वेळी दोन-अडीच हजार तारे साध्या डोळ्यांना दिसू शकतात, हे तिने वाचले होते. वाचणे निराळे. येथे तारे जमिनीला टेकले होते. डोंगराची कड जेथे संपे, तेथूनच ते सुरू होत.

तांडेल मात्र गप्प होते. थोड्या वेळाने ते हलक्या आवाजात म्हणाले, "मला काहीच ओळखू येत नाही."

मुलगा घाबरला. उंचीवर प्राणवायू कमी पडला, की काळोखात पाहण्याची शक्तीही उणावते. शिवाय शस्त्रक्रिया झालेले डोळे. एवढ्या दूर यावे आणि नेमके हेच हातचे जावे, असे झाले की काय? त्याने वडिलांना आत नेण्यासाठी हात पुढे केला. तांडेलांनी तो हात बाजूला सारला. "डोळ्यांना दिसत आहे. फारच दिसत आहे. या गर्दीत माझी माणसे कुठे आहेत, ते कळत नाही."

तरुणी हसली नाही. येथे येणाऱ्या पुष्कळांचे असे होते. थोडे तारे पाहून ज्यांनी आकृती जुळविल्या, त्यांच्या आकृती येथे ताऱ्यांच्या पुरात बुडून जातात. थांबावे लागते. तांडेल थांबले. बऱ्याच वेळाने रजईतून त्यांचा हात वर आला. "हे चोर. तिन्ही आहेत. आणि ही बाज." मग चोरांच्या विरुद्ध बाजूचे बाजेचे दोन खूर धरून त्यांचे बोट सरळ खाली आले आणि ध्रुवावर थांबले.

थांबले आणि अडखळले. "हा इतका वर कसा?"

तांडेलांची एक सवय होती. हात ताठ पुढे करून मूठ वळली, की तिची रुंदी आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. करंजाला ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींनाही किंचित उणा असे. सारे आयुष्य त्यांनी तो तेथेच पाहिला होता. आता त्यांनी एक मूठ ठेवली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. तरी ध्रुव वरच राहिला.

मुलीने मनाशी नकाशा आठवला. उरण सुमारे १९ अक्षांशावर, हानले सुमारे ३३ अक्षांशावर. ती जवळजवळ ओरडलीच, "आजोबा, जेवढा अक्षांश, तेवढाच ध्रुव वर! आपण उत्तरेला आलो म्हणून तो चढला!" तांडेलांनी मुठी पुन्हा मोजल्या, आणि मग तो हात तसाच हवेत धरून म्हणाले, "म्हणजे मी जन्मभर मुठीने नकाशाच मोजत होतो की काय?"

उत्तरेला जे मिळते, ते दक्षिणेला गमवावे लागते. तांडेल वळून दक्षिणेकडे त्रिशंकू शोधू लागले. वैशाखाच्या रात्री करंजाच्या समुद्रावर हे चार ताऱ्यांचे नक्षत्र अगदी खाली टेकलेले असते. येथे त्या जागी डोंगर होता. तरुणी म्हणाली, की डोंगर बाजूला केला तरी तो दिसणार नाही. हानलेवरून तो क्षितिजाच्या वर येतच नाही. तिने त्रिशंकू पाहिला होता तो केवळ चित्रात.

मध्यरात्रीच्या सुमारास पूर्व-दक्षिणेकडून एक पांढुरका पट्टा बराच वर चढून आला. मुलीने कुरकुर केली, की आता ढग आले. तांडेलांनी तिचे मनगट धरले. "ढग नव्हे." पट्ट्यात मधूनमधून काळ्या भेगा होत्या, वृश्चिकाच्या नांगीपाशी तो फुगून दाट झाला होता आणि तेथून डोक्यावरून उत्तरेकडे वाहत गेला होता.

"ही बघ," तांडेल म्हणाले, "आहे."

दुसऱ्या दिवशी मंडळी डोंगरावर गेली. वेधशाळा ४५०० मीटरांवर आहे. डोंगराला आता सरस्वती पर्वत म्हणतात. आत दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण आहे, तिला सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिले आहे. २००० सालच्या सप्टेंबरात तिने प्रथम आकाश पाहिले. रात्री मात्र घुमटात बसून कोणी डोळा लावीत नाही. शास्त्रज्ञ बसतात दोन हजार किलोमीटरांहून दूर, बंगळूरजवळच्या होसकोटे येथे. त्यांची आज्ञा उपग्रहामार्फत येते आणि दुर्बीण वळते. हिवाळ्यात पारा उणे २५ अंशांच्या घरात उतरतो, तेव्हा हे बरेच म्हणायचे.

एवढ्या आडबाजूला वेधशाळा कशासाठी? जे कारण वाळवंटाचे, तेच वेधशाळेचे. ढग नाहीत, म्हणून वर्षातील सुमारे २५० रात्री उपयोगी पडतात. बाष्प नाही, म्हणून ताऱ्यांकडून येणारे उष्णतेचे किरण वाटेत शोषले जात नाहीत. खालच्या दाट हवेचा अडथळाही येथे पुष्कळ कमी होतो. ज्या कोरडेपणामुळे येथे गवताची काडी मुश्किलीने उगवते, त्यानेच आकाश उघडे ठेवले आहे. शिवाय वस्तीपासून पळण्याची पाळी वेधशाळांवर आजच आली, असे नाही. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांनी नाजूक उपकरणे बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला हलविले. करंजाहून तर ओलांडून रेवसला उतरले, की अलिबाग किती दूर!

पठारावर एक प्रचंड तबकडी उभी होती. व्यास २१ मीटर. गॅमा किरण हवेवर आपटले, की निळसर प्रकाशाची अतिसूक्ष्म ठिणगी उडते. ती टिपणारी ही दुर्बीण भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तिचे उद्घाटन झाले. ते केंद्र आहे ट्रॉम्बेला, म्हणजे मोरा बंदरातून उत्तरेकडे पाहिले तर खाडीपलीकडेच. तांडेलांच्या मुलाने ती तबकडी क्रेनवाल्याच्या नजरेने पाहिली; एवढे ओझे या चढावरून वर कसे आणले असेल, याच विचारात तो गढून गेला.

निघण्याच्या दिवशी सकाळी ती तरुणी निरोप द्यायला आली. तिला एकच गोष्ट विचारायची होती. "आजोबा, तुमच्या गावाहून त्रिशंकू खरोखर दिसतो?"

"दिसतो," तांडेल म्हणाले. "वैशाखात, काळोख पडला की, दक्षिणेला, पाण्यावर सव्वा मूठ. एके काळी धक्क्यावर बसून दिसे. आता होडी काढून खांदेरीच्या पुढे जावे लागते."

"किती वेळ लागतो?"

"वारा अनुकूल असेल, तर दीड-दोन तास."

तरुणीने कधी समुद्र पाहिला नव्हता. ती थोडा वेळ विचार करीत राहिली आणि मग तिने विचारले, "पण होडी हलत असताना मूठ स्थिर कशी राहते?"

असा प्रश्न तांडेलांना कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. त्यांनी काठी नातीच्या हाती दिली. गाडीच्या दाराला, जणू ती डोलकाठीच आहे अशी, पाठ टेकली. पाय रुंद केले, गुडघे किंचित वाकविले, आणि हात ताठ करून, समोरच्या डोंगराच्या कडेवर सावकाश मूठ ठेवली.